काकांची दुपारची गोळी आणि कॉम्प्युटरचा ठोका



संपादकांनी दोन अंकांपासून मागे लागून हा लेख लिहून घेतला आहे, तेव्हा आवडला नाही तर तक्रार त्यांच्याकडेच करावी. निमित्त झालं ते कोजागिरीच्या कार्यक्रमाचं. मसाला दूध ढवळायची ड्यूटी माझ्याकडे होती. दूध उतू जाणार की काय या काळजीत मी पातेल्यावरून नजर हलवत नव्हते, तेवढ्यात आपल्या मंडळातले एक ज्येष्ठ काका हातात फोन घेऊन समोर येऊन उभे राहिले. "अगं डॉक्टरीणबाई, याला जरा तपास." आता मी डॉक्टर आहे ती रसायनशास्त्राची. माझ्या पदवीने आजवर कुणाचा साधा खोकलासुद्धा बरा झालेला नाही. पण काकांना तपासून हवा होता तो फोनच.

काकांना पार्किन्सन्स आहे. (हे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.) गोळी दिवसातून चार वेळा, आणि ती वेळेवर घ्यावी लागते. अर्धा-पाऊण तास उशीर झाला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, शर्टाचं बटण लागत नाही. मुलाने त्यांच्या फोनवर गोळ्यांची आठवण करून देणारं एक ॲप घालून दिलं होतं. सकाळी ते वेळेवर वाजायचं, संध्याकाळीही वाजायचं. दुपारी दोनची गोळी मात्र कधी दोन वीस, कधी पावणेतीन. काकी म्हणायच्या, "वाजत असेल, तुम्हालाच झोपेत ऐकू येत नाही." काकांनी एक दिवस मुद्दाम न झोपता फोन हातात धरून वाट पाहिली. बरोबर दोनला वाजला! दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवला, तर पुन्हा उशीर. "मी बघत असलो की शहाण्यासारखा वागतो गं हा," काका म्हणाले.

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या पोटात गोळाच आला, कारण अगदी असाच एक प्रकार माझ्या पीएच.डी.च्या दिवसांत घडला होता आणि त्यात माझे सात महिने पाण्यात गेले होते. तो आधी सांगते, म्हणजे काकांच्या फोनचं कोडं उलगडणं सोपं जाईल.

माझं काम होतं रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होते ते मोजण्याचं. दोन द्रावणं झटकन एकत्र करायची, आणि रंग उडत जातो तो प्रकाशमापकाने टिपायचा. सगळा खेळ चार-पाच सेकंदांचा. तो टिपण्यासाठी लॅबमधल्या एका जुन्या पीसीवर मी स्वतः छोटासा प्रोग्राम लिहिला होता. एक वाचन घे, दहा मिलिसेकंद थांब, पुन्हा वाचन घे, असं पाचशे वेळा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पाचशे वाचनं गुणिले दहा, म्हणजे पाच सेकंद. गणित सरळ होतं, त्यामुळे प्रत्येक वाचनापुढे खरी वेळ लिहून ठेवायची तसदी मी घेतली नाही.

काही आठवड्यांनी एक विलक्षण गोष्ट दिसायला लागली. दिवसा केलेल्या प्रयोगांत अभिक्रियेचा वेग रात्रीच्या जवळजवळ दीडपट येत होता. एखाद्या वेळी नव्हे, दर वेळी! दिवसा उजेड, रात्री अंधार. म्हणजे प्रकाशाने अभिक्रिया जलद होते, असं मी मनाशी पक्कं केलं. नवा शोध लागल्याच्या आनंदात आईला पुण्याला फोनसुद्धा करून झाला. मग खात्री करून घ्यावी म्हणून काचेच्या नळीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून दिवसा प्रयोग केला. वेग तोच, दीडपट. म्हटलं तापमान असेल. तेही तपासलं. मग पाण्यातला प्राणवायू, मग द्रावणाच्या बाटल्या, मग दिवसा शेजारच्या खोलीत चालणारा पंप. महिन्यांमागून महिने गेले.

उत्तर सापडलं ते एका रात्री स्पीकरची वायर तुटली म्हणून. रात्री लॅबमध्ये मी एकटीच असायची, त्यामुळे त्याच पीसीवर सुमन कल्याणपुरांची गाणी लावून काम चालायचं. दिवसा इतर मंडळी असायची, तेव्हा गाणी बंद. त्या रात्री स्पीकर मुका झाला म्हणून मी गाण्यांचा प्रोग्राम बंद केला, आणि वेग आला दिवसासारखा! गाणी पुन्हा सुरू केली (आवाज नाही, नुसता प्रोग्राम चालू) तर वेग रात्रीसारखा. रात्री दोन वाजता मी त्या खोलीत एकटी बसून गाणं लाव, बंद कर, लाव, बंद कर, असं करत होते. कुणी पाहिलं असतं तर वेडात काढलं असतं.

शेवटी मनगटावरच्या घड्याळाने निकाल लावला. प्रोग्रामला सहा हजार वाचनं घ्यायला सांगितली. दहा मिलिसेकंदांच्या हिशेबाने एक मिनिट लागायला हवं. गाणी बंद असताना लागली ९४ सेकंदं. गाणी चालू असताना एक मिनिट आणि वर चार-पाच सेकंदं. अभिक्रियेचा वेग कधी बदललाच नव्हता. माझी दहा मिलिसेकंदंच दहा नव्हती. रात्रीचे आकडे थोडे चुकीचे, दिवसाचे बरेच चुकीचे, आणि कुठल्या प्रयोगाच्या वेळी काय चालू होतं त्याची नोंद नाही. सात महिन्यांची मोजमापं बाजूला ठेवावी लागली. दोष माझाच होता. "दहा मिलिसेकंद थांब" या सांगण्याचा यंत्राने काय अर्थ घ्यावा हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तर हे "थांब" प्रकरण काय आहे ते पाहू.

आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवत. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला बारीक भोक असलेली वाटी तरंगत ठेवायची. ती चोवीस मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. जवळ बसलेला माणूस ठोका देई आणि वाटी रिकामी करून पुन्हा ठेवी. 'घटका भरली' हे आपण म्हणतो ते त्यावरूनच. आता समजा तुम्ही त्या माणसाला सांगितलंत, की मला दहा मिनिटांनी उठव. त्याच्याकडे मोजायला फक्त ठोके आहेत. तो तुम्हाला पुढच्या ठोक्याला उठवणार, मग त्याला दहा मिनिटं झालेली असोत की चोवीस.

कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम नेमकी अशीच चालत आली आहे. आत एक टायमरची चिप ठरावीक अंतराने ठोका देते. त्याला टिक म्हणतात. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो, वेळ पुढे सरकवतो, कुणाला उठवायचं आहे का ते बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. विंडोजचा नेहमीचा ठोका सेकंदाला ६४, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक. माझ्या "दहा"चे १५.६ झाले ते यामुळे. आणि गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामला एवढ्या ढोबळ ठोक्यावर काम करता येत नाही, आवाज तुटतो, म्हणून तो ठोका जलद करून मागतो, सेकंदाला १००० पर्यंत. त्या काळी अशी मागणी एकाने केली की ती साऱ्या यंत्राला लागू होत असे. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून हे बदललं. आता ज्याने मागितलं त्यालाच जलद ठोका मिळतो. म्हणजे आज माझ्या प्रयोगाला सुमनताईंचाही उपयोग झाला नसता!

मग प्रश्न येतो, सगळ्यांनाच जलद ठोका का देत नाहीत? १९६० च्या घड्याळांच्या मानाने आजची यंत्रं इतकी चपळ, त्यांना सेकंदाला हजार ठोके जड का जावेत?

आधी हे आकडे आले कुठून ते पाहा, मोठी गंमत आहे. युनिक्सचा सुरुवातीचा ठोका सेकंदाला ६० होता, कारण तो सरळ भिंतीतल्या विजेवरून घेतला होता आणि अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. (आपल्यातल्या ज्यांनी इथला प्लगवर चालणारा जुना क्लॉक रेडिओ हौसेने भारतात नेला, त्यांना तो तिथल्या ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटं मागे पडताना पाहून ही गोष्ट फुकटात शिकायला मिळाली असेल.) १९८१ च्या आयबीएम पीसीचा ठोका सेकंदाला १८.२, असा विचित्र. त्याचं मूळ रंगीत टेलिव्हिजनच्या सर्किटसाठी स्वस्तात मिळणाऱ्या क्रिस्टलमध्ये. लिनक्सने पीसीवर १०० ठोके धरले आणि ते बरीच वर्षं टिकले.

२००३ च्या डिसेंबरात लिनक्सची २.६ ही आवृत्ती आली, तेव्हा १०० चे एकदम १००० केले. पडद्यावरची हालचाल आणि आवाज सुधारेल ही अपेक्षा होती, आणि ती खोटी नव्हती. पण किंमतही मोजावी लागली. एक छोटीशी किंमत सांगते. ठोके मोजायचा आकडा ३२ बिटांचा असला की तो कधीतरी भरतो आणि गाडीच्या ओडोमीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० ठोके असताना हे ४९७ दिवसांनी व्हायचं, १००० केल्यावर ४९.७ दिवसांनीच. त्या क्षणी चुकणारे प्रोग्राम लवकर उघडे पडावेत म्हणून लिनक्सवाल्यांनी काय करावं? त्यांनी मोजणी शून्यापासून सुरू न करता अशा आकड्यापासून सुरू केली, की यंत्र चालू केल्यावर पाच मिनिटांतच ते ओडोमीटर फिरावं. मला ही युक्ती फार आवडते. जे चुकायचं ते समोर बसलेलो असतानाच चुकू दे.

मोठी किंमत मात्र वेगळीच आहे. एका ठोक्याचं काम काही मायक्रोसेकंदांचं, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांचं. हजार ठोके झाले तरी सेकंदातला किरकोळ हिस्सा. यंत्र कामात असताना हा खर्च जाणवतही नाही. तो जाणवतो यंत्र रिकामं असताना. घरात तान्हं बाळ असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आमची धाकटी सहा महिन्यांची असताना दर तासाला उठायची. दर वेळी पाच मिनिटं थोपटलं की झोपायची. हिशेब केला तर रात्रभरात जेमतेम चाळीस मिनिटांचं जागरण. पण सकाळी माझी अवस्था काय व्हायची! गाढ झोपेला सलग वेळ लागतो, तुकड्यातुकड्यांची झोप अंगाला लागत नाही.

प्रोसेसरलाही हलकी झोप आणि गाढ झोप अशा पायऱ्या असतात. गाढ झोपेत वीज फारच कमी लागते, पण तिथे जायला आणि परत यायला वेळ लागतो. दर मिलिसेकंदाला कुणी दार वाजवत असेल तर तो खालच्या पायरीपर्यंत उतरणारच कसा? लॅपटॉपची बॅटरी अशी फुकट जाते. म्हणून २००५ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सने माघार घेतली आणि १००० वरून २५० हा मधला आकडा धरला. हवा असेल त्याने १०० घ्यावा, हवा असेल त्याने १०००. सगळ्यांना थोडं थोडं नाराज करणारा तोडगा. आपल्या कार्यकारिणीला असे तोडगे नवीन नाहीत.

खरा मार्ग निघाला तो वेगळ्याच प्रश्नातून. काही कामच नसेल तर ठोका द्यायचाच कशाला? आयबीएमच्या मेनफ्रेमवर एकाच यंत्रात शेकडो लिनक्स चालवत. त्यातली बरीचशी नुसती बसून असायची, आणि ती बसलेली सगळी मिळून ठोक्यांनीच यंत्राला दमवायची. तिथे २००१ च्या सुमारास ठोका थांबवण्याची कल्पना पुढे आली. पीसीवर ती २००७ च्या एप्रिलमध्ये आली. आता झोपण्यापूर्वी प्रोसेसर बघतो, की पुढचं काम केव्हा आहे. मग चिपला तेवढ्याच वेळेचा गजर लावतो आणि निवांत झोपतो. विंडोजमध्ये हे २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे.

पण गंमत अशी, की ठोका थांबल्यावर कळलं, झोपमोड करणारे बाहेरचेही पुष्कळ आहेत. त्याच २००७ साली इंटेलने पॉवरटॉप नावाचं एक साधन काढलं. कुठला प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळा उठवतो याची यादीच ते दाखवी. नवीन पत्र आलं का, आवाजाची पट्टी कुणी हलवली का, असं दर क्षणाला उगाच विचारत बसणारे प्रोग्राम त्यात उघडे पडले. त्यातल्या बहुतेकांना एवढ्या वेळा उठायची गरज नव्हती, लिहिणाऱ्याने सहज लिहून टाकलं होतं. माझ्यासारखंच.

इथून पुढचं शहाणपण आपल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. इंडियन स्टोअर चाळीस मैलांवर. कोथिंबीर संपली म्हणून एक फेरी, पोहे संपले म्हणून दुसरी, असं कुणी करत नाही. शनिवारी एकच फेरी, त्यात सगळं. टायमरच्या बाबतीतही तसंच. जो म्हणेल की मला थोडं पुढेमागे चालेल, त्याचं काम दुसऱ्याच्या फेरीत घालायचं. २००९ च्या विंडोज ७ मध्ये आणि २०१३ साली ॲपलच्या मॅकमध्ये ही सोय आली. अट एकच, प्रोग्रामने आपल्याला किती पुढेमागे चालेल ते सांगायला हवं.

हजारो टायमर एकाच वेळी लावलेले असतात, ते ठेवायचे कसे हाही एक पेच आहे. वेळेनुसार क्रमाने लावून ठेवले तर पुढचा कुठला ते चटकन सापडतं, पण नवा टायमर योग्य जागी घालताना यादी चाळावी लागते. याला १९८७ साली एक सुरेख उत्तर मिळालं. मुंबईच्या आयआयटीतून १९८१ साली बी.टेक. झालेले जॉर्ज वर्गीस आणि त्यांचे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधले सहकारी टोनी लॉक यांनी टायमिंग व्हील, म्हणजे काळाच्या चाकाची मांडणी सुचवली. आपल्या मंडळाच्या जुन्या खजिनदारांकडे वर्गणीच्या कार्डांची पेटी होती, ती ज्यांना आठवते त्यांना हे लगेच समजेल. चालू महिन्यासाठी तारखेवार एकतीस खण, पुढच्यांसाठी महिनावार बारा खण. कार्ड आलं की थेट खणात, शोधाशोध नाही. महिना उजाडला की त्याच्या खणातली कार्डं तारखेवार लावायची.

हे महिन्याचं लावणं मात्र वेळखाऊ. लिनक्समध्येही ते होतं, आणि २०१६ साली थॉमस ग्लाइक्सनर यांनी ते काढूनच टाकलं. त्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. बहुतेक टायमर मुळी वाजतच नाहीत! भारतातून निघताना आई म्हणते, "पोचलीस की फोन कर." मनात तिने एक वेळ धरलेली असते, तोवर फोन आला नाही तर काळजी सुरू. फोन येतो आणि तो टायमर न वाजताच रद्द होतो. कॉम्प्युटर नेटवर्कवर सतत हेच करत असतो, पलीकडून उत्तर येईपर्यंत मनात एक मुदत धरून. आणि खरोखर फोन आला नाहीच, तर आईची काळजी बारा वाजता सुरू झाली काय किंवा सव्वाबाराला झाली काय, फरक पडत नाही. म्हणून आता लांबच्या मुदतीचं कार्ड मोठ्या खणात टाकतात आणि तिथेच राहू देतात. हजार ठोक्यांच्या हिशेबात ६३ मिलिसेकंदांपर्यंतचा टायमर एका मिलिसेकंदाच्या खणात, चार ते बत्तीस सेकंदांचा साधारण अर्ध्या सेकंदाच्या, आणि दहा मिनिटांचा बत्तीस सेकंदांच्या खणात. थोडा उशिरा वाजेल, पण लवकर कधीच वाजणार नाही. (वर्गणीची कार्डं रद्द होण्याचं प्रमाण आपल्या मंडळात इतकं चांगलं नाही, हे खजिनदारांनी आवर्जून लिहायला सांगितलं आहे.) ज्यांना क्षणाचाही उशीर चालत नाही, त्यांच्यासाठी २००६ पासून वेगळी रांग आहे. संगीत तिथे असतं. माझी अभिक्रियाही तिथे असायला हवी होती.

आता काका. अँड्रॉइड फोनने हेच सगळं बॅटरीसाठी आणखी पुढे नेलं. २०१३ पासून ॲपने साधा गजर मागितला तर तो ढोबळ धरला जातो. २०१५ पासून फोन चार्जरला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ हलला नसेल, तर तो गाढ झोपतो. साधे गजर मग मधूनमधून उघडणाऱ्या खिडकीची वाट बघत थांबतात, आणि त्या खिडक्यांमधलं अंतर वाढत जातं. काकांची दुपार आठवा. जेवण, वामकुक्षी, फोन टेबलावर. सकाळ-संध्याकाळ तो खिशात हलत असतो. हातात धरला की जागा असतो. फोनने काकांना फसवलं नव्हतं. ॲप लिहिणाऱ्याने 'अगदी वेळेवर' हे मागितलेलं नव्हतं, किंवा फोनने ते दिलेलं नव्हतं. २०२१ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये त्यासाठी 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' ही वेगळी परवानगी लागते, आणि २०२३ च्या आवृत्तीपासून नव्याने घातलेल्या बऱ्याच ॲपना ती आपण होऊन द्यावी लागते.

काकांच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरून पाहिलं, तर ती परवानगी बंदच होती. ती सुरू केली. शिवाय बॅटरीच्या काटकसरीतून ते ॲप वगळलं. आणि खबरदारी म्हणून फोनमधल्या घड्याळाचा साधा गजरही चारही वेळांना लावून दिला. सकाळी उठायला लावतो तोच, कारण त्या गजराला गाढ झोपेतही थांबवत नाहीत. ज्यांच्या घरी औषधांच्या वेळा अशा काटेकोर आहेत, त्यांनी निदान एवढा शेवटचा उपाय आजच करावा. मग दोन दिवस दुपारी फोनला हात न लावता टेबलावर ठेवून बघावं. हातात धरून तपासू नये.

वार्षिक सभेत दुपारी खजिनदार हिशेब वाचत होते. बरोबर दोनच्या ठोक्याला काकांचा फोन खणखणला. खजिनदारांना वाटलं वेळ संपल्याची घंटा झाली, आणि ते उरलेला हिशेब न वाचताच खाली बसले. काकांनी शांतपणे पाण्याचा घोट घेऊन गोळी गिळली.